पत्ता धंद्याचा हवा, की जातीचा?

गेल्या आठ-दहा वर्षांत आपल्या वस्त्यांमधून स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्या मुलामुलींची एक नवी फळी उभी राहिली आहे. कुणी घरगुती मसाले आणि चटण्या विकते, कुणी जयंतीचे टी-शर्ट आणि बॅनर छापतो, कुणी सीसीटीव्ही बसवून देतो, कुणी मंगलपरिणयाचे फोटो काढतो. ओळखीतला एखादा मुलगा चार-पाच हजारांत वेबसाईट करून देतो. मालाचे फोटो, दर, ग्राहकांचे अभिप्राय, सगळे भरून होते आणि 'संपर्क' या पानाशी येऊन हात थांबतो. मोबाईल नंबर टाकला जातो, ई-मेल टाकला जातो. पत्त्याची जागा मात्र रिकामी राहते, नाहीतर तिथे नुसते 'पुणे' किंवा 'नाशिक' लिहून विषय संपवला जातो. असे का, विचारले की उत्तर एकच येते: "पत्त्यात भीमनगर आहे ना."

हे उत्तर ज्याला कळते त्याला ते समजावून सांगावे लागत नाही. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. आपल्या समाजात आडनावावरून जातीची शंका येते आणि पत्त्यावरून खात्री होते. गायकवाड, जाधव, पवार, मोरे ही आडनावे अनेक जातींत आहेत. त्यामुळे समोरचा माणूस नुसत्या आडनावावर थांबत नाही. "मूळचे कुठले?" "राहायला कुठे?" हे पुढचे दोन प्रश्न त्यासाठीच असतात. खेड्यात तर प्रश्नाचीही गरज नसते. गावकुसाबाहेरची वस्ती कोणत्या दिशेला आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. शहरात येऊन आपण सिद्धार्थनगर, पंचशीलनगर, मिलिंदनगर, रमाबाई नगर अशी नावे दिली. ती नावे आपण स्वतः निवडली, अभिमानाने निवडली. पण ज्याला जात शोधायची आहे त्याने त्या नावांचाही कोश करून ठेवला आहे.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्याजागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली. निर्णय चांगला होता आणि आम्ही त्याचे स्वागतच केले. पण सुचवलेल्या नावांची यादी पुन्हा एकदा वाचा. जातीचे नाव पाटीवरून पुसले गेले, जातीची माहिती मात्र पुसली गेली नाही. भीमनगर या नावात आमची अस्मिता आहे आणि समोरच्यासाठी त्याच नावात आमची जात आहे. एकच शब्द दोघे दोन प्रकारे वाचतात. हे बदलायला शासन निर्णय पुरत नाही.

तेव्हा मुलांची भीती खोटी आहे असे म्हणून तिला उडवून लावणाऱ्यांपैकी आम्ही नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले, फरक होता तो फक्त नावांचा. दलित आडनावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. पुढे २०१५ मध्ये थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. तिथेही दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना तोच अनुभव आला. नोकरी देणारा आणि घर देणारा असा वागत असेल, तर ऑनलाईन लोणचे मागवणारा अचानक समतावादी होतो असे मानायला काही आधार नाही. उलट खाण्यापिण्याच्या वस्तूंत विटाळाची भावना जास्तच चिवट असते.

मग आमचे म्हणणे काय? आमचे म्हणणे असे की वेबसाईटवर पत्ता टाकलाच पाहिजे. मात्र तो घराचाच असला पाहिजे असे नाही, आणि तो टाकल्याची किंमत एकट्यादुकट्या पोराने मोजावी हे आम्हाला अजिबात मान्य नाही. चळवळीत या दुसऱ्या भागावर बोलणेच होत नाही. 'लपवा' म्हणणारे एका बाजूला आणि 'छाती पुढे करून लिहा' म्हणणारे दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी झाली आहे.

लपवा म्हणणारे बाबासाहेबांच्याच चरित्राचा दाखला देतात. सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा राहायला जागा नव्हती. पारशी विश्रामगृहात पारशी नावाने नोंद करून त्यांना राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव दारात उभा राहिला. मुंबईला परतल्यावर त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी एक कंपनी सुरू केल्याचे चरित्रकार सांगतात. काम बरे चालले होते. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाइके येईनाशी झाली. जगातल्या उत्तम विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाचा सल्ला त्यांना नको होता. आता आमचे मित्र म्हणतात, बाबासाहेबांचा धंदा जात उघड झाल्यावर बुडाला, तिथे आपली काय कथा?

दाखला खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. बडोद्याचे अकरा दिवस हेच सांगतात की लपवणे टिकत नाही. ते लपवणे बाबासाहेबांनी हौसेने केले नव्हते. डोक्यावर दुसरे छप्परच नव्हते, आणि विश्रामगृहातून बाहेर पडावे लागल्यावर हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही मित्रांनीही घरात घ्यायला टाळाटाळ केली. समाजशास्त्रात अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये 'स्टिग्मा' या पुस्तकात कलंक उघड असलेला माणूस आणि कलंक उघड होण्याची भीती असलेला माणूस असा फरक केला आहे. दुसऱ्याचा सगळा दिवस माहिती सांभाळण्यात जातो. कुणाला काय सांगितले, कुठे काय लिहिले, कोण घरी येणार, कोणाला चौकातच भेटायचे. आमच्या परिचयातला एक मुलगा लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो. गिऱ्हाइकाला तो वस्तीच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर बोलावतो आणि तिथेच लॅपटॉप घेतो, तिथेच परत देतो. तीन वर्षे हे चालू आहे. हात चांगला आहे, दर माफक आहे, पण पेट्रोल पंपावर उभा राहून लॅपटॉप घेणाऱ्याकडे कुठली कंपनी वार्षिक देखभालीचे काम सोपवेल? मोठे गिऱ्हाईक आधी विचारते, ऑफिस कुठे आहे? तिथेच गाडी अडते.

बाबासाहेबांच्या त्या कंपनीशेजारी त्याच काळातले कोल्हापूरचे उदाहरण ठेवून पाहा. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. हे कळल्यावर महाराज स्वतः आपली गाडी हॉटेलपुढे थांबवून चहा मागवू लागले आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही तोच चहा पाजू लागले. ही गोष्ट आपण भाषणात अनेकदा सांगतो, पण ती महाराजांच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगतो. धंद्याच्या अंगाने तिच्याकडे कुणी बघत नाही. हॉटेल कुणाचे हे सगळ्या गावाला माहीत होते, जागाही उघड होती, तरी हॉटेल चालले. याचे कारण त्या जागेच्या मागे कुणीतरी उभे होते. मुंबईत बाबासाहेबांच्या मागे त्या वेळी कुणी नव्हते. ज्ञान दोन्हीकडे मोजायचे म्हटले तर मुंबईचे पारडे कितीतरी जड होते. फरक पाठबळाचा होता.

आज छत्रपती येऊन आपल्या दुकानात चहा पिणार नाहीत. ते काम कुणी करायचे हा आपला प्रश्न आहे. त्याकडे पुढे येऊच. आधी कायद्याचे पाहू, कारण यात बराच गोंधळ आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. स्वतःच्या वेबसाईटवरून नियमितपणे माल किंवा सेवा विकणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा आणि शाखांचा भौगोलिक पत्ता, वेबसाईटचा तपशील, ई-मेल, फोन आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती ग्राहकाला स्पष्ट दिसेल अशी द्यायची असते. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. एकट्याच्या धंद्यात तक्रार निवारण अधिकारी म्हणजे अर्थातच तो स्वतःच. मोठ्या ऑनलाईन बाजारपेठेतून माल विकत असाल तर विक्रेता म्हणून तुमचे नाव आणि पत्ता तिथे दाखवायचा असतो. तुम्ही कंपनी म्हणून नोंदणी केली असेल तर कंपनी कायद्याखालच्या नियमांनुसार नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता वेबसाईटच्या पहिल्याच पानावर हवा. वेबसाईट केवळ माहितीपुरती असेल आणि तिच्यावर काही विकले जात नसेल, तर ई-कॉमर्सचे हे नियम तसे लागत नाहीत. म्हणजे फोटोग्राफरला थोडी मोकळीक आहे, मसालेवालीला नाही.

मसालेवालीला तर लपवायला जागाच नाही. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता छापावा लागतो. जानेवारी २०१८ पासून हीच माहिती ऑनलाईन विक्रीच्या पानावरही द्यावी लागते. खाद्यपदार्थाच्या लेबलवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांकही असतो. वेबसाईटवर लपवलेला पत्ता शेवटी चटणीच्या पुडीवरून ग्राहकाच्या स्वयंपाकघरात पोहोचतोच. ऑनलाईन पैसे स्वीकारायची सोय हवी असेल तर ती देणाऱ्या कंपन्याही संपर्काचे पान तपासतात. पत्ता न टाकता धंदा वाढवायचा म्हटले तर एकेका वळणावर अडायला होणार.

पण समजा कायदा नसता, तरी आमचे मत बदलले नसते. आपण सगळेच विक्रेते नाही. आपला समाज आजही प्रामुख्याने ग्राहक आहे, आणि फसवला जाणारा ग्राहक आहे. नोकरी लावून देतो म्हणून दोन-चार हजार रुपये 'नोंदणी शुल्क' घेणाऱ्या वेबसाईट, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो म्हणणाऱ्या वेबसाईट, स्पर्धा परीक्षेचे ऑनलाईन वर्ग, दहा मिनिटांत कर्ज. आमच्याकडे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलांना आम्ही पहिला प्रश्न विचारतो की त्यांचा पत्ता काय होता? पत्ता नसतो. मोबाईल नंबर बंद झालेला असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, ही फार चांगली सोय झाली. पण नोटीस कुणाच्या दारावर पाठवायची? सामनेवाल्याचा पत्ताच नसेल तर तक्रारीचा कागद पुढे सरकत नाही. आपल्या मुलांचे पैसे बुडवणाऱ्याकडे आपण पत्ता मागणार आणि आपल्याला मात्र तो न देण्याची सवलत मागणार, ही भूमिका आंबेडकरी माणसाला शोभत नाही. ज्या बाईने तुमच्याकडून दोनशे रुपयांचा मसाला घेतला आणि त्यात आळ्या निघाल्या, तिला तुमच्यापर्यंत येता आले पाहिजे. मग ती कोणत्याही जातीची असो.

यावर कुणी म्हणेल, मग उत्तर प्रदेशातल्या कावड यात्रेच्या वेळी दुकानांवर मालकांची नावे लावण्याच्या आदेशाला तुम्ही विरोध का केला होता? केला होता आणि आजही आहे. जुलै २०२४ मध्ये मुजफ्फरनगरच्या पोलिसांनी यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींना आणि ढाब्यांना मालकांची नावे ठळक लावायला सांगितले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणते अन्न मिळते हे लावायला सांगता येईल, मालकाचे आणि कामगारांचे नाव लावण्याची सक्ती करता येणार नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. दोन गोष्टींतला फरक इथे नीट कळतो. ग्राहकाला दाद मागता यावी म्हणून मागितलेली माहिती वेगळी, आणि ग्राहकाला माणूस निवडता यावा म्हणून मागितलेली माहिती वेगळी. ढाब्यावर बसलेल्या माणसाला ढाबा कुठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे मालकाची नोंद असतेच. तिथे नावाची पाटी लावायला सांगण्यामागे दाद मागण्याची सोय करण्याचा हेतू नव्हता. वेबसाईटचे तसे नाही. तिथे दुकान डोळ्यांना दिसत नाही, पैसे आधी जातात, माल नंतर येतो. पत्ता नसेल तर ग्राहकाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून एकीकडे विरोध आणि दुसरीकडे आग्रह, यात आम्हाला विसंगती दिसत नाही.

आता छाती पुढे करा म्हणणाऱ्यांकडे वळू. आपल्या कार्यक्रमांत एखादे ज्येष्ठ कार्यकर्ते उठतात आणि म्हणतात, "बाबासाहेबांची लेकरं तुम्ही, लाजता कसले? भीमनगर मोठ्या अक्षरांत लिहा. ज्याला घ्यायचे तो घेईल." टाळ्या पडतात. हे बोलणारे काका बहुधा शासकीय सेवेतून निवृत्त झालेले असतात. दर महिन्याच्या एक तारखेला ज्याच्या खात्यात निवृत्तिवेतन जमा होते, त्याला ज्याला घ्यायचे तो घेईल असे म्हणणे परवडते. ज्या मुलीने बचत गटाचे कर्ज काढून ग्राइंडर घेतला आहे तिला ते परवडत नाही. त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांनी आपल्या कार्यालयात जे सोसले ते आम्ही ऐकले आहे. पण स्वाभिमानाचा हप्ता दुसऱ्याच्या गल्ल्यातून भरायला सांगू नये.

आणि गिऱ्हाइकाने पाठ फिरवली तर कायद्याने काही करता येते का? अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला. गावाने ठरवून दुकानावर बहिष्कार घातला तर तो सिद्ध करता येतो, आणि करायलाच हवा. पण रात्री अकरा वाजता बिछान्यात पडून मोबाईलवर पत्ता वाचणारा आणि पान बंद करून दुसरीकडे जाणारा ग्राहक कोणत्या कलमात बसवणार? तो स्वतःशीही ते कबूल करणार नाही. 'डिलिव्हरी लांबून येईल' असे तो मनाशी म्हणेल. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने आपल्याला कुणाच्याही दुकानात जाण्याचा हक्क दिला. कुणी आपल्या दुकानात यावे याची हमी कोणतेही संविधान देऊ शकत नाही.

स्त्रियांचा प्रश्न आणखी वेगळा आहे आणि आपल्या चर्चेत तो फार कमी येतो. घरून धंदा करणाऱ्यांत मोठी संख्या आपल्या बहिणींची आहे. घराचा पूर्ण पत्ता, खोली क्रमांकासह, मोबाईल नंबरासह, फोटोसह इंटरनेटवर टाकणे म्हणजे काय, हे पुरुष कार्यकर्त्यांना चटकन उमगत नाही. ऑर्डरच्या नावाखाली रात्री येणारे फोन, 'इथून जात होतो म्हणून आलो' म्हणत दारात उभे राहणारे अनोळखी लोक. त्यात जातीची भर पडली की बाईला गृहीत धरण्याची हिंमत वाढते, हे वेगळे सांगायला नको. एका ताईंनी याच कारणाने केकचा चांगला चाललेला धंदा बंद केला. त्यांना तुम्ही स्वाभिमानाचे धडे देणार का?

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून टाकला आहे. बंगल्यात राहणाऱ्या उद्योजकाच्या वेबसाईटवर बंगल्याचा पत्ता कधी पाहिला आहे का? तिथे कार्यालयाचा पत्ता असतो. कार्यालय नसेल तर चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीचा पत्ता नोंदणीला लावलेला असतो. अलीकडे महिन्याला काही रक्कम भरून चांगल्या भागातल्या व्यावसायिक इमारतीत नुसता पत्ता वापरायला मिळतो. म्हणजे कायद्याची अट पूर्ण होते आणि घराचे दार बंद राहते. घर आणि धंदा वेगळे ठेवता येणे ही पैशाने आणि ओळखीने मिळणारी सोय आहे. आपल्या पोरांकडे दोन्ही नाही, म्हणून त्यांच्यापुढे घर उघडे करा किंवा तोंड लपवा असे दोनच पर्याय उरतात. प्रश्न लाजेचा नसून साधनांचा आहे, हे एकदा मान्य केले तर पुढचे काम दिसू लागते.

ते काम म्हणजे धंद्यासाठी सामाईक पत्ता उभा करणे. सात-आठ छोटे व्यावसायिक मिळून मुख्य रस्त्यावर एखादा छोटा गाळा किंवा पहिल्या मजल्यावरची खोली भाड्याने घेऊ शकतात. बाहेर सगळ्यांच्या नावांच्या पाट्या, मराठीत. आत एक टेबल, एक कपाट, परत आलेला माल ठेवायला जागा, आणि ठरलेल्या वेळी आळीपाळीने बसणारा एक माणूस. ग्राहक तिथे येईल, कुरिअर तिथे येईल, नोटीसही तिथे येईल. भाडे आठ जणांत वाटले की अंगावर येत नाही. खोलीचा भाडेकरार, मालकाचे सहमतीपत्र आणि वीजबिल एवढे असले की जीएसटी, उद्यम, दुकाने अधिनियमाची सूचना या नोंदी त्या जागेवर करता येतात. आपल्या वस्त्यांमध्ये अडचण नेमकी इथेच असते. घर आजोबांच्या नावावर, वीजबिल काकांच्या नावावर, झोपडपट्टीत असेल तर फोटोपासवर तिसरेच नाव. जागेचा पुरावा नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून बँक उभी करत नाही. स्टँडअप इंडियासारखी योजना २०१६ मध्ये आली, ती अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि महिलांसाठी १० लाखांपासून पुढे कर्ज देण्यासाठी होती. पण अशा फॉर्मपर्यंत जाण्याआधीच आपला माणूस पत्त्याच्या पुराव्यावर अडतो.

अर्थात गाळा मागायला गेल्यावरही आडनाव विचारले जाईल. म्हणूनच हे काम एकट्या धंदेवाल्यावर सोडायचे नाही. प्रत्येक शहरात आपले वकील आहेत, डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. त्यांच्यातल्या अनेकांची मोक्याच्या जागी कार्यालये आहेत, दवाखाने आहेत, गाळे आहेत. आपल्या जागेतला एक कोपरा आणि एक सहमतीपत्र देणे हे दरवर्षी जयंतीच्या कमानीला वर्गणी देण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे. कमान पंधरा दिवसांत उतरते. (वर्गणी बंद करा असे आम्ही म्हणत नाही, उद्या तेवढेच वाक्य उचलून कुणी आमच्याशी भांडायला येऊ नये.) महिला बचत गटांसाठी काही ठिकाणी महिला आर्थिक विकास महामंडळाच्या लोकसंचालित साधन केंद्रांची कार्यालये आहेत, तिथे विचारून पाहता येईल. विहाराचा पत्ता मात्र धंद्याला वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. विहार सार्वजनिक न्यासाच्या मालकीचे असते, त्याच्या जागेचा व्यापारी वापर केला की धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करायला लोक टपलेले असतात. आणि धम्माच्या जागेवर ग्राहकाची नोटीस चिकटलेली आम्हाला पाहायची नाही.

पोस्ट बॉक्सचे काय, असे एकाने विचारले. पोस्ट बॉक्सवर टपाल मिळते, तो भौगोलिक पत्ता होत नाही. सोबत वापरा, पर्याय म्हणून नको. गुगल मॅपवर मात्र एक सोय आहे. ग्राहक तुमच्या जागेवर येत नसतील आणि तुम्हीच त्यांच्याकडे जात असाल, इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबरसारखे, तर तिथे पत्ता न दाखवता फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो.

हे नवीन आहे असे कुणी समजू नये. आपल्या चळवळीने कार्यालयाचा पत्ता नेहमीच उघड ठेवला. १९२० मध्ये 'मूकनायक' निघाले तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. म्हणून 'मूकनायक' निनावी निघाले नाही. परळच्या कामगार वस्तीत त्याचे कार्यालय होते आणि वर्गणीदारांना ते माहीत होते. पुढे दामोदर हॉलमधल्या कार्यालयात लोक गाऱ्हाणी घेऊन बाबासाहेबांकडे येत. आंबेडकरी प्रकाशकांची जुनी पुस्तके काढून पाहा. दुसऱ्या पानावर प्रकाशकाचा पत्ता असतो आणि बऱ्याचदा तो कुठल्यातरी वस्तीतलाच असतो. त्या पत्त्यांवर खेड्यापाड्यांतून मनीऑर्डरी आल्या, पत्रे आली, माणसे पिशवी घेऊन पुस्तके न्यायला आली. उघड पत्त्याला धोका असतो हेही आपण जाणतो. ७ जुलै २०२० ला राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली ती सगळ्या जगाला माहीत असलेल्या पत्त्यावरच. पण दुसऱ्या दिवशी राजगृहाची पाटी उतरवा असे कुणी म्हटले नाही. सगळा समाज त्या घराच्या मागे उभा होता.

गंगाराम कांबळेंच्या हॉटेलपुढे गाडी थांबवण्याचे काम आज आपल्यातल्या पगारदारांचे आहे. वर्षभराचे मसाले, ऑफिसातल्या कार्यक्रमाचे बॅनर, सोसायटीचे सीसीटीव्ही, मुलांच्या वाढदिवसाचा केक, यातले किती आपण आपल्या माणसाकडून घेतो? आणि घेतल्यावर वेबसाईटवर नावानिशी दोन ओळींचा अभिप्राय किती जण लिहितात? 'आपल्याच माणसाचा माल' म्हणून फुकट किंवा उधारीत मागणारे बरेच भेटतात. महाराजांनी चहा पिऊन इतरांनाही प्यायला लावला, ते विसरू नये. सहकाऱ्यांना, त्यातल्या सवर्ण सहकाऱ्यांनाही, तोच माल घ्यायला लावणे हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. केवळ आपल्यातच विकायचे असेल तर पत्त्याचा प्रश्नच येत नाही. पण आपल्यातल्या आपल्यात विकून धंदा एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, हे उद्योजक संघटना चालवणारेही मान्य करतील.

ज्यांची जागा वस्तीतच आहे, दुकान म्हणून, कारखाना म्हणून, त्यांनी काय करायचे? त्यांनी पत्ता पूर्ण लिहावा. वीजबिलावर जसा आहे तसा लिहावा. भीमनगर काढून तिथे 'बस डेपोच्या मागे' असे लिहिण्याची एक पद्धत पडली आहे. ती बंद करावी. नोंदणीच्या कागदावर एक, पाकिटावर दुसरे आणि वेबसाईटवर तिसरे असले की ग्राहकालाही संशय येतो आणि बँकेलाही. खुणेसाठी बस डेपो लिहायचा असेल तर कंसात लिहा, भीमनगरच्या जागी नको. सोबत दुकानाचा बाहेरून काढलेला स्वच्छ फोटो, उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ, सुट्टीचा वार, तक्रार कुणाकडे करायची त्याचे नाव आणि किती दिवसांत उत्तर मिळेल तेही लिहा.

घरून काम करणाऱ्या बहिणींनी सामाईक जागा होईपर्यंत निदान धंद्याचे सिमकार्ड वेगळे घ्यावे आणि वेबसाईटवर घराचा फोटो किंवा नकाशावरची नेमकी खूण टाकू नये. विक्रीचे काम आधीच सुरू असेल तर नियम आजही लागू आहेत. तेव्हा सामाईक खोलीचा शोध पुढच्या जयंतीच्या बैठकीवर ढकलू नका. भाडेकरार करताना तो एकाच्या नावावर करून बाकीच्यांना तोंडी शब्दावर ठेवू नका. आठही जणांची नावे करारात घाला, नाहीतर प्रत्येकाचे वेगळे सहमतीपत्र जागामालकाकडून आधीच लिहून घ्या. नोंदणीच्या वेळी तोच कागद मागतात.